सरांच्या वर्गापर्यंतचा चढ

बायको संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाहून आली, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आज सरांनी एक फार सुंदर शब्द शिकवला. टोपोग्राफी."

मी पेपर वाचत होतो. वाचतच राहिलो.

"म्हणजे जमिनीची ठेवण," ती म्हणाली. "टेकड्या, उतार, ओढे, खोलगट जागा, सगळं मिळून. सर म्हणाले, टोपोग्राफी कळली की माणसाला आपण कुठे उभे आहोत ते कळतं."

इथे सांगणं भाग आहे की मी सर्व्हेअर आहे. पाणी आणि गटारं बघणाऱ्या खात्यात गेली सव्वीस वर्षं जमिनीचे चढउतार मोजतो. पाणी कुठून कुठे जाईल हे पाण्याच्या आधी मला कळावं, यासाठी मला पगार मिळतो. टोपोग्राफी हा शब्द आमच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात छापलेला असतो. त्या शब्दावर डबा ठेवून मी जेवलो आहे. आणि सव्वीसपैकी चोवीस वर्षं मी या बाईचा नवरा आहे.

"अगं, मी काय करतो मग?" मी पेपर खाली ठेवला.

"तुम्ही? तुम्ही मोजता."

"काय मोजतो?"

तिने जरा विचार केला. "रस्ते?"

आमची लेक आतून म्हणाली, "आई, बाबांचंच काम आहे ते. त्यांच्या नकाशांवर लिहिलेलं असतं."

"अय्या, हो?" बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जसं जुन्या कपाटात एखादा चोरकप्पा सापडल्यावर पाहतात. "मग कधी बोलला नाहीत?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"मला शब्दच माहीत नव्हता, तर विचारू काय?"

मी पुन्हा पेपर उचलला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मला मान्य आहे. पण माझ्याच मळ्यातला माल दुसऱ्याने माझ्याच दारात आणून विकावा आणि घरच्यांनी 'वा, किती ताजा' म्हणून घ्यावा, हे मला मान्य नव्हतं.

बायको इस्पितळाच्या दप्तरखान्यात कामाला आहे. जुन्या रुग्णांच्या फायली काढायच्या, लावायच्या. तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत. आता वर दर्शनी भागात चौकशीच्या खिडकीवरची एक जागा रिकामी होणार होती. ती जागा हवी असेल तर इंग्रजी येतं असं प्रमाणपत्र हवं. प्रमाणपत्र हवं तर वाचनालयात भरणारा तीन महिन्यांचा वर्ग हवा आणि वर्ग म्हटलं की सर आले.

सरांना मी दोनदा पाहिलं होतं. वय माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी कमी. दाढी अशी की ठेवली आहे की राहिली आहे, ते कळू नये. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, जणू आता पाईप टाकायला उतरणार आहेत. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. मला थोडा आधार मिळाला असता.

दुसऱ्या आठवड्यात घरात टोपोग्राफी नांदायला लागली. गादीला टोपोग्राफी आली, कारण माझ्या बाजूला ती खचली होती. रस्त्यावरच्या खड्ड्यांना आली. लेकीच्या खोलीतल्या कपड्यांच्या ढिगाला तर पर्वतरांगेचा मान मिळाला. प्रत्येक वेळी बायको हसायची आणि वर म्हणायची, "सरांना सांगितलं पाहिजे."

"मला सांगितलंस की," मी एकदा म्हणालो.

"तुम्हाला काय, तुम्ही तिथेच होतात."

मग तिने जाहीर केलं की वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने एका शब्दावर पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं आहे, त्यावर प्रमाणपत्र मिळणार आहे, आणि तिने टोपोग्राफी घेतला आहे. "उदाहरण हवंय एखादं. आपल्या आसपासचं. सरांना विचारते."

"सरांना?" माझा आवाज चढला असावा, कारण लेकीने दारातून डोकं बाहेर काढलं. "सर कधी चिखलात उतरलेत? अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरात सर्व्हेअर बसलाय!"

"अहो, पण तुम्हाला वेळ कुठे असतो?"

"रविवारी असतो. या घरापासून तुझ्या वर्गापर्यंतचा रस्ता मोजून देतो. मिलिमीटरपर्यंत. सरांना सांग, मिलिमीटरपर्यंत."

"बाबा," लेक म्हणाली, "तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात."

"अभ्यास कर."

रविवारी सकाळी मी ऑफिसातून आणलेली लेव्हल दारात मांडली. लेव्हल म्हणजे तिवईवर बसवलेली दुर्बीण. ती अगदी आडव्या रेषेत बघते. समोर कुणी आकडे रंगवलेली उंच पट्टी उभी धरली की दुर्बिणीतली रेघ पट्टीवर कुठे टेकते ते वाचायचं आणि वहीत लिहायचं. आकडा मोठा म्हणजे जमीन खाली, आकडा लहान म्हणजे जमीन वर. एवढीच विद्या आहे, पण ती सव्वीस वर्षं करायची असते. नवी यंत्रं बाहेर गेली होती, म्हणून स्टोअरवाल्याने मला जुनं दिलं होतं. जुन्यातून सगळं उलटं दिसतं: डोकं खाली, पाय वर. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आमच्या पिढीतले सर्व्हेअर उलटं जग सुलट वाचतात.

पट्टी धरायला बायको. "सरळ धर. झुलवू नकोस. आकडे माझ्याकडे. मी हात वर केला की थांब, खाली केला की पुढे चाल."

"चोवीस वर्षं तेच करतेय," ती म्हणाली, पण पट्टी छान धरली. ऑफिसातल्या आमच्या पट्टीवाल्यापेक्षा छान. तो पट्टीला टेकून झोपतो.

शेजारचा शिंपी दुकान उघडता उघडता थांबला. "काय साहेब, गल्ली विकायला काढली का?"

"टोपोग्राफी चाललीय," बायको त्याला म्हणाली. त्याने मान डोलावली. आपल्याला माहीत नसलेल्या शब्दापुढे शहाणा माणूस मान डोलावतोच.

मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. पाववाल्याच्या दुकानापाशी ती धावत माझ्याकडे आली आणि विचारलं, "किती?" मी आकडा सांगितला. तिने तो पुटपुटला, इंग्रजीत. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा आली. "आता किती?" चोवीस वर्षांत या बाईने मला एका सकाळी दोनदा 'किती' असं विचारलं नव्हतं. बाजारातून आल्यावर विचारते, ते वेगळं.

मग वाचनालय आलं. ती फाटकाशी पट्टी घेऊन उभी राहिली, मी रस्त्याच्या या टोकाला तिवई रोवली, लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणला, दुर्बिणीला डोळा लावला. दुर्बिणीत बायको उलटी लटकत होती. तिच्या शेजारी आणखी एक उलटा माणूस आला. बाह्या दुमडलेल्या.

रविवारी वाचनालयात या माणसाचं काय काम होतं, हे मला आजही कळलेलं नाही. त्यांनी काहीतरी विचारलं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मग सरांनी मदत म्हणून पट्टीला हात लावला. तिच्या हाताच्या वर, म्हणजे मला दिसत होता तसा, खाली. ती काही बोलली. आणि दोघं हसले. उलटं हसणारी माणसं रडल्यासारखी दिसत असतील असं कुणाला वाटेल. मुळीच नाही. हसू कसंही टांगलं तरी हसूच दिसतं. आणि दुर्बिणीतून तर वीसपट मोठं.

मी आकडा वाचला, वहीत लिहिला आणि हात खाली केला. जरा जास्तच जोरात.

आमच्या कामात एक रीत आहे, तिला क्लोजिंग म्हणतात. जिथून निघालो तिथे मोजत मोजत परत यायचं. नुसतं जाऊन थांबायचं नाही. जाताना जेवढे चढलो तेवढेच येताना उतरलो पाहिजे; बेरीज शून्य आली पाहिजे. शून्य आलं नाही तर कुठेतरी चुकलेलं आहे, आणि चुकलेलं असेल तर कितीही ऊन असो, पुन्हा जायचं. दुपारी मी दार लावून हिशेब केला. जाताना: वर्ग आपल्या घरापेक्षा अडतीस सेंटिमीटर खाली. येताना: वर्ग आपल्या घरापेक्षा बासष्ट सेंटिमीटर वर. फरक एक मीटर, आणि वर दोन मिलिमीटर.

दोन मिलिमीटर माफ असतात. एक मीटर कुणी माफ करत नाही. आणि असा नेमका एक मीटर चुकतो तेव्हा जमीन चुकलेली नसते. वाचणाऱ्याने पट्टीवरचा मीटरचा आकडा चुकीचा वाचलेला असतो. नवशिक्या पोरांची चूक. मी त्या चुकीसाठी पोरांना वाट्टेल ते बोललो आहे. कुठे चुकलं असेल हेही मला वही न उघडता माहीत होतं. फाटकाशी शून्य पॉइंट नऊ शून्य चार होतं. मी एक पॉइंट नऊ शून्य चार लिहिलं होतं. त्या ओळीत पेन्सिलीने कागद फाटला होता.

आता मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. लेव्हल उचलून परत जायला हवं होतं. पण तेवढ्यात बायको चहा घेऊन आत आली आणि म्हणाली, "झालं? सर म्हणाले, फार कौतुकास्पद आहे. त्यांना निकाल हवाय. ते म्हणाले, वर्ग नक्कीच उंचावर असणार."

"कशावरून?"

"विद्येची जागा म्हणून. गंमत केली हो त्यांनी."

मी तिच्यासमोर जातानाचं पान ठेवलं. "सरांना सांग, त्यांचा वर्ग अडतीस सेंटिमीटर खाली आहे. आपल्या उंबऱ्यापेक्षा."

"खरंच?"

"आकडा समोर आहे."

येतानाचं पान मी उलटलं नाही. खोटं एक अक्षरही बोललो नाही. आकडा खरोखरच समोर होता.

पुढचे चार दिवस अतिशय सुखाचे गेले. मी ऑफिसला जाताना वाचनालयावरून मुद्दाम सावकाश चालत गेलो आणि अडतीस सेंटिमीटर खाली असलेल्या त्या इमारतीकडे दयेने पाहिलं. बायको स्वयंपाक करता करता, केस विंचरता विंचरता इंग्रजी वाक्यं पाठ करत होती. त्यातल्या एका वाक्यात मी होतो: माय हजबंड इज अ सर्व्हेअर. सरांनी दुरुस्त न करता तसंच ठेवलेलं.

गुरुवारी, भाषणाच्या दोन दिवस आधी, तिने आम्हा दोघांना खुर्च्यांवर बसवलं आणि समोर उभी राहिली. लेकीने मोबाइलवर पाच मिनिटं लावली. दोन मिनिटं झकास गेली. "आमचं घर अडतीस सेंटिमीटर उंच आहे," ती इंग्रजीत म्हणाली, "म्हणून वर्गाला येताना मी उतरते, आणि घरी..."

ती थांबली.

"घरी जाताना मी चढते," मी मराठीत मदत केली.

"पण मला दम जाताना लागतो," ती म्हणाली. "वर्गाला जाताना. येताना नाही लागत."

"वयाने होतं तसं."

"येताना माझं वय कमी होतं का?"

लेक हसली. मी म्हणालो की माणसाला चढ जाणवतो तो पुष्कळदा भास असतो, की शास्त्र आणि अनुभव यांत फरक असतो, की संध्याकाळी फुफ्फुसं थकलेली असतात. मी पुष्कळ बोललो. एवढं मी लग्नाच्या पहिल्या वर्षीही बोललो नव्हतो, आणि तिथेच फसलो.

"वही आणा," बायको म्हणाली.

"तुला त्यातलं कळणार नाही."

"अहो, मी दिवसभर दुसऱ्यांच्या वह्याच बघते. डॉक्टरांचं अक्षर वाचते मी. आणा."

तिने जातानाचं पान बघितलं, आणि अंगठा ओला करून सरळ पुढचं पान उलटलं. दप्तरखान्यात वीस वर्षं काढलेल्या बाईला एक पान पुढे केलं की ती दुसरं बघतेच.

"हे काय? बासष्ट?"

"ते येतानाचं."

"म्हणजे जाताना आपण वर, आणि येताना ते वर?"

"क्लोजिंगला जरा फरक आलाय."

"किती जरा?"

"एक मीटर."

"मिलिमीटरपर्यंत म्हणाला होतात." ती ओळीओळीवरून बोट फिरवत गेली आणि फाटलेल्या कागदाशी थांबली. "इथे काय होतं?"

"वाचनालयाचं फाटक."

लेक उठून आपल्या खोलीत गेली. कुणी न सांगता आपणहून आत जाण्याची तिची ती पहिलीच वेळ.

"सर आले होते तिथे," बायको म्हणाली.

"हो."

"पट्टी धरली त्यांनी."

"हो."

"आणि तुम्ही इतके..." तिने योग्य शब्द शोधला, तो सापडला, पण वापरला नाही. "कशाला हसलो होतो आम्ही, माहितीये? ते म्हणाले, तुमचे मिस्टर फारच गंभीर दिसतात. मी म्हटलं, काम करताना ते असेच असतात, काम फार जिवाभावाचं आहे त्यांचं."

मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. दोन्ही चाललं असतं. ती खुर्चीवर बसली, वही मांडीवर घेऊन.

"जळायचं तर जळा हो. चोवीस वर्षांत कुणी माझ्यावरून जळलं नाही, मला काय वाईट वाटणारे? पण आकडा कशाला जाळलात? मी परवा बारा माणसांसमोर उभी राहून खोटं बोलले असते. तेही इंग्रजीत! मला अजून इंग्रजीत खरंसुद्धा नीट बोलता येत नाही."

"चुकलं."

"ते दिसतंय. चुकलं ते रविवारी. दुपारी चहा घेताना जे केलंत, ते चुकलं नव्हतं."

एवढं काटेकोर निदान आमच्या खात्यात कुणी केलेलं मी ऐकलेलं नाही.

"उद्या ऑफिसच्या आधी," ती म्हणाली. "मी पट्टी धरते."

शुक्रवारी सकाळी सहा वाजता आम्ही पुन्हा निघालो. शिंप्याचं दुकान बंद होतं, हे एक बरं. बायको धावत येऊन 'किती' असं विचारत नव्हती. फाटकाशी ती एकटी उभी होती. मी आकडा तीनदा वाचला. शून्य पॉइंट नऊ शून्य चार. हात खाली केला, हळू. घरी उंबऱ्याशी येऊन बेरीज केली: फरक तीन मिलिमीटर. वर्ग बासष्ट सेंटिमीटर वर. मी दोन्ही पानं उघडी करून वही तिच्यापुढे ठेवली. तिने आकडा उतरवून घेतला आणि आंघोळीला गेली.

शनिवारच्या भाषणाला यायचं की नाही हे तिने सांगितलं नव्हतं. मी गेलो. मागच्या बाकावर, ज्यावर कुणीतरी कर्कटकाने नाव कोरलं होतं, तिथे बसलो. सरांनी दुरूनच नमस्कार केला, मीही केला. त्यांच्या बाह्या त्या दिवशी खाली सोडलेल्या होत्या. बहुधा प्रसंग होता म्हणून.

बायको बोलली. सुरुवातीची वाक्यं कागदात बघून म्हटली, मग तिने तो टेबलावर ठेवून दिला. आमची गल्ली, पाववाला, कोपरा, फाटक, सगळं तिने बारा माणसांपुढे असं मांडलं की पंधरा वर्षं रोज त्या रस्त्याने जाणारा मीही ऐकत राहिलो. मग म्हणाली की तिचा नवरा सर्व्हेअर आहे आणि आमचं घर वर्गापेक्षा बासष्ट सेंटिमीटर खाली आहे. पहिल्यांदा मोजलं तेव्हा उत्तर चुकलं होतं. मग पुन्हा मोजलं.

हे सांगायला ती बांधील नव्हती.

सरांनी हात वर केला. "व्हाय? का चुकलं?"

बायकोने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. मी बाकावरचं नाव वाचायला घेतलं. त्या नावाच्या मालकाला वर्गात कधी एवढी लाज वाटली होती की नाही, कोण जाणे. तेवढ्या वेळात मला तिचं प्रमाणपत्र, चौकशीची खिडकी आणि माझी उरलीसुरली अब्रू, तिन्ही एकदम जाताना दिसली.

"ह्यूमन एरर," ती म्हणाली.

"एक्सलंट!" सर उठले आणि त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ह्यूमन एरर लिहिलं, खाली रेघ मारली. बारा जणांनी माना खाली घालून ते वहीत उतरवून घेतलं. माझी पोटदुखी आता त्यांच्या शब्दसंग्रहात गेली.

ती पास झाली. सरांनी खाली येऊन माझा हात हातात घेतला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "पुन्हा जाऊन मोजलंत, हे मला जमलं नसतं. मी तर चुकीचं शिकवूनसुद्धा तसाच पुढे गेलोय." त्यानंतर या माणसाचा राग धरणं फार अवघड झालं. तेवढा एक विरंगुळा होता, तोही गेला.

आम्ही घरी निघालो. पाववाल्यापाशी ती म्हणाली, "माझ्या पाच मिनिटांत तुमचं नाव घेतलं, ऐकलंत?"

"ऐकलं."

"नुसतं ऐकलं?"

गेले तीन आठवडे मला एकच गोष्ट हवी होती, या बाईने सरांना न विचारता मला विचारावं. आणि चालता चालता माझ्या लक्षात आलं की वीस वर्षं ही रोज सकाळी त्या बिनखिडकीच्या खोलीत जाते, आणि तिथे नेमकं काय करते हे मला विचारलं तर मीही म्हणेन, "फायली?"

"दप्तरखान्यात," मी म्हणालो, "सकाळी गेल्यावर तू आधी काय करतेस?"

ती थांबली. "कशाला?"

"असंच."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग पुन्हा चालायला लागली आणि सांगायला लागली. आधी रात्रीच्या फायली वेगळ्या काढायच्या. मग रंग बघायचे. बाळंतिणींचा गुलाबी, हाडांचा पिवळा. मेलेल्यांच्या फायली वेगळ्या मांडणीवर, पण पहिला महिना तिथे नाही ठेवायच्या, कारण कुणी ना कुणी मागायला येतंच. हा नियम तिने घातला होता. मला ठाऊक नव्हतं. आमचं दार आलं, पण तिचं झालं नव्हतं, म्हणून आम्ही शिंप्याच्या दुकानापर्यंत पुढे गेलो.

"आणि एखादी फाईल सापडलीच नाही तर?" मी विचारलं.

"मग मी डॉक्टरांना सांगते. ते स्वतः खाली येतात, बसतात माझ्याबरोबर शोधत. फार गमतीदार आहेत ते, परवा तर म्हणाले..."

"कोणते डॉक्टर?" मी म्हणालो.